शाळामास्तर हॉलंड आणि गाळातून वर आलेली पाणबुडी



मुलांना संशोधकांच्या गोष्टी सांगताना आपण बहुतेक वेळा शेवटचा यशस्वी शोध तेवढा सांगतो. त्याआधी बुडालेलं, मोडलेलं, फसलेलं काही सांगायला तासात वेळच उरत नाही. आज ओळख करून घेऊ या अशा एका माणसाची, ज्याची यशस्वी पाणबुडी भंगारात गेली, पण पहिल्या धडपडीतल्या दोन पाणबुड्या आजही संग्रहालयात उभ्या आहेत. तो आपल्यासारखाच शाळेत शिकवणारा मास्तर होता. त्याचं नाव जॉन फिलिप हॉलंड.

बालपण आणि शाळा

हॉलंडचा जन्म १८४१ साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लिस्कॅनर या लहानशा गावात झाला. वडील तटरक्षक दलात गस्तीच्या कामावर होते. घरात आयरिश भाषा बोलली जायची, इंग्रजी तो शाळेत गेल्यावर नीट शिकला. त्याच्या लहानपणीच आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. लाखो माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली, लाखो देश सोडून गेली. त्या काळी आयर्लंडवर ब्रिटिशांची सत्ता होती. दुष्काळात वाढलेल्या त्या पिढीच्या मनात या सत्तेविषयी काय साठलं असेल, याची कल्पना आपल्याला सहज करता येईल.

१८५८ मध्ये हॉलंड 'ख्रिश्चन ब्रदर्स' या शिकवणाऱ्या धर्मसंघात दाखल झाला आणि शिक्षक बनला. पुढची जवळजवळ पंधरा वर्षं त्याने आयर्लंडमधल्या वेगवेगळ्या गावांत शिकवलं. अंगाने किरकोळ, डोळ्यांना चष्मा, प्रकृती नेहमीच नाजूक. कॉर्क शहरात असताना त्याला ब्रदर बर्क नावाचे विज्ञान शिक्षक सहकारी म्हणून लाभले. प्रयोग करून शिकवण्यावर त्यांचा भर असायचा. हॉलंडच्या डोक्यातल्या कल्पनांना त्यांनी प्रोत्साहन दिलं. एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाच्या पाठीवर हात ठेवला की काय घडू शकतं, ते पुढे दिसेलच.

कल्पना कुठून आली?

१८६२ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन लोखंडी चिलखती जहाजांची झुंज झाली. तासन् तास तोफा डागूनही कुणी कुणाला बुडवू शकलं नाही. ही बातमी कॉर्कमध्ये हॉलंडच्या वाचनात आली. यापुढे लाकडी जहाजांचे दिवस संपले, आणि अशा चिलखती जहाजाला गाठायचं तर ते पाण्याखालूनच, हे त्याच्या लक्षात आलं. शाळेचं काम सांभाळून तो पाणबुडीची चित्रं काढू लागला.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. पाण्याखाली जाणारी होडी बनवणारा हॉलंड पहिला नव्हता. त्याच्याआधी अनेकांनी प्रयत्न केले होते, काहींनी त्यात जीवही गमावला होता. पाणबुडीला पाण्याखाली हुकमी कशी चालवायची, हा खरा प्रश्न अजून सुटायचा होता.

पॅटरसनचे मास्तर

प्रकृतीमुळे १८७३ मध्ये हॉलंडने धर्मसंघ सोडला आणि तो अमेरिकेला गेला. तिथे बॉस्टन शहरात बर्फावरून पाय घसरून पडला आणि पाय मोडला. अंथरुणात पडल्या पडल्या त्याने जुनी चित्रं पुन्हा काढून सुधारायला घेतली. बरा झाल्यावर न्यू जर्सी राज्यातल्या पॅटरसन या गिरण्यांच्या गावी त्याला एका चर्चच्या शाळेत नोकरी मिळाली.

१८७५ मध्ये त्याने आपला आराखडा अमेरिकी नौदलाकडे पाठवला. असं काही चालणार नाही, असं ठरवून नौदलाने तो परत केला.

मग पैसे आले ते वेगळ्याच दिशेने. अमेरिकेतल्या आयरिश स्थलांतरितांमध्ये 'फेनियन' नावाची क्रांतिकारकांची संघटना होती. ब्रिटिशांविरुद्धच्या लढ्यासाठी तिने लोकांकडून वर्गणी जमवली होती. त्या निधीतून हॉलंडला पाणबुडी बांधायला मदत मिळाली.

चौदा फुटांची होडी

पहिली होडी जेमतेम १४ फूट लांब होती. एकच माणूस आत बसेल एवढी. २२ मे १८७८ रोजी ती पॅटरसनच्या पसेइक नदीत सोडली, आणि बघ्यांच्या डोळ्यांदेखत ती बुडाली! दोऱ्या लावून वर काढली. मग आतलं तेलावर चालणारं इंजिन चालेना. तेव्हा हॉलंडने शेजारून चालणाऱ्या एका वाफेच्या होडीतून रबरी नळीने वाफ आत आणली आणि त्यावर यंत्र फिरवलं. मास्तर आत बसले, नदीत बुडी मारली आणि सुखरूप वर आले.

या छोट्या होडीने त्याला मोठा धडा दिला. पाणबुडीची पाती, म्हणजे माशाच्या परांसारखे आडवे पंख, त्याने होडीच्या मधोमध बसवले होते. तिथून होडीचं नाक खाली वळत नाही, हे चालवून बघितल्यावर कळलं. पुढच्या पाणबुडीत ते पंख शेपटाकडे गेले.

प्लावक बल शिकवणाऱ्यांसाठी थोडं विज्ञान. त्या काळचे इतर लोक होडी जड करून बुडवायचे आणि हलकी करून वर आणायचे. पण अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी पुढेमागे हिंदकळलं की होडीचा तोल जायचा. हॉलंडने वेगळा विचार केला. टाक्या पूर्ण भरायच्या, म्हणजे पाणी हलणार नाही आणि गुरुत्वमध्य जागेवर राहील. होडी नेहमी पाण्यापेक्षा किंचित हलकीच ठेवायची. चालत्या होडीचे मागचे पंख तिरके केले की ती नाक खाली करून सूर मारते. आणि इंजिन बंद पडलं तर? हलकी असल्यामुळे आपोआप वर येते.

प्रयोग संपल्यावर हॉलंडने होडीतले उपयोगाचे भाग काढून घेतले आणि रिकामा सांगाडा त्याच नदीत बुडवून टाकला. त्याच्या दृष्टीने तिचं काम झालं होतं.

चोरीला गेलेली पाणबुडी

दुसरी पाणबुडी ३१ फूट लांब होती आणि १८८१ मध्ये न्यूयॉर्कला पाण्यात उतरली. वर्तमानपत्रांनी तिला 'फेनियन रॅम' हे नाव दिलं. ही चांगली चालली. पण फेनियन मंडळींमध्ये पैशावरून भांडणं लागली आणि १८८३ मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी रात्री ती पाणबुडी ओढून पळवून नेली! पळवली खरी, पण ती चालवायची कशी हे कुणालाच येईना. हॉलंडने त्यांच्याशी संबंधच तोडले. पाणबुडी एका शेडमध्ये धूळ खात पडली.

यश, आणि त्यानंतर

यानंतर हॉलंडने बरीच वर्षं वाट पाहिली. १८८८ पासून नौदलाने पाणबुडीच्या आराखड्यांच्या स्पर्धा घेतल्या. हॉलंडचा आराखडा पसंत पडायचा, काम मात्र मिळायचं नाही. १८९५ मध्ये काम मिळालं, तर नौदलाने वाफेच्या इंजिनाचा आग्रह धरला. बंद पाणबुडीत बॉयलरच्या उष्णतेने माणसं थांबू शकेनात. तेव्हा हॉलंडने आपल्या मनासारखी स्वतंत्र पाणबुडी बांधायला घेतली. तिचं नाव 'हॉलंड ६'. सुमारे ५४ फूट लांब, पाण्यावर चालायला पेट्रोलचं इंजिन, पाण्याखाली चालायला बॅटरी आणि विजेची मोटर.

मे १८९७ मध्ये ती पाण्यात सोडली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुणाकडून तरी एक झडप उघडी राहिल्याने धक्क्यालाच बुडाली. वर काढून, विजेची यंत्रं वाळवून पुन्हा उभी केली. शेवटी १७ मार्च १८९८ रोजी तिने न्यूयॉर्कजवळच्या पाण्यात यशस्वी बुडी मारली. ११ एप्रिल १९०० रोजी अमेरिकी नौदलाने ती दीड लाख डॉलरना विकत घेतली. नौदलाने पंचवीस वर्षांपूर्वी परत केलेल्या कल्पनेचा हा शेवट. हॉलंड तेव्हा ५९ वर्षांचा होता.

वर इंजिन, खाली बॅटरी ही जोडी पुढे जगभर रूढ झाली. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि २०१७ मध्ये नौदलात आलेली आपली 'कलवरी' डिझेल आणि विजेच्या याच जोडीवर चालते.

पण यशानंतर सुख आलं असं नाही. कंपनी उभी करताना भांडवलदार आले होते, पेटंटं त्यांच्या 'इलेक्ट्रिक बोट' कंपनीच्या ताब्यात गेली. हॉलंडला बाजूला सारलं गेलं आणि १९०४ मध्ये तो बाहेर पडला. त्याहून मोठी विसंगती म्हणजे ज्या ब्रिटिश नौदलाला शह देण्यासाठी आयरिश लोकांनी पै-पैसा दिला, त्याच नौदलाने हॉलंडच्याच आराखड्यावर आपली पहिली पाणबुडी बांधून घेतली. ती १९०१ मध्ये पाण्यात उतरली. नाव 'हॉलंड १'!

१२ ऑगस्ट १९१४ रोजी, पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालेलं असताना, हॉलंडचं निधन झालं. सहा आठवड्यांच्या आत एका जर्मन पाणबुडीने एकाच सकाळी तीन ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या. १४०० हून अधिक माणसं मेली. हा भाग मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. शोध चांगला की वाईट, याची चर्चा वर्गात होऊ द्या. उत्तर आपण द्यायची घाई करू नये.

होड्यांचं पुढे काय झालं?

आता सुरुवातीला म्हटलं त्याकडे येऊ. अमेरिकी नौदलाने घेतलेली ती यशस्वी पाणबुडी १९१३ मध्ये भंगार म्हणून विकली गेली आणि पुढे १९३२ मध्ये तोडली. ती आज कुठेच नाही.

पण १९२७ मध्ये पॅटरसनच्या काही तरुणांनी नदीच्या गाळात रुतलेला तो चौदा फुटी सांगाडा शोधून वर काढला. कुणी त्यांना हुकूम दिला नव्हता. जवळजवळ ४९ वर्षं चिखलात पडलेलं ते लोखंड त्यांनी गावाच्या संग्रहालयाला दिलं. त्याच वर्षी 'फेनियन रॅम'ही पॅटरसनला आणली गेली. आज या दोन्ही पाणबुड्या पॅटरसनच्या संग्रहालयात बघायला मिळतात.

ब्रिटिशांची 'हॉलंड १'सुद्धा १९१३ मध्ये ४१० पौंडांना भंगारात विकली गेली. ओढून नेताना वादळी हवेत ती इंग्लंडच्या एडिस्टोन दीपगृहाजवळ बुडाली. १९८१ मध्ये तिचा ठावठिकाणा लागला, १९८२ मध्ये ती वर काढली आणि गॉस्पोर्टच्या पाणबुडी संग्रहालयात ठेवली.

लोखंड आणि मीठ

सगळ्यांना वाटलं, वाचली. पण काही वर्षांतच ती आतून गंजायला लागली. समुद्राच्या पाण्यातल्या मिठाचे क्लोराइड पोलादात मुरले होते. वरून रंग लावून ते जात नाहीत. तेव्हा १९९० च्या दशकात तिच्याभोवती मोठी टाकी उभारली आणि ती धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात भिजत ठेवली. एकदोन दिवस नव्हे, काही वर्षं! क्लोराइड हळूहळू निघून गेल्यावर तिला कोरडी हवा राखणाऱ्या खास इमारतीत हलवलं. दहावीला धातूंचं क्षरण शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे मिळणार?

पाणबुडी जपणं हे एकदा करून संपणारं काम नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात 'कॉड' नावाची पाणबुडी आहे, १९४३ साली 'इलेक्ट्रिक बोट' कंपनीनेच बांधलेली. १९७० च्या दशकात शहरातल्या नागरिकांनी गट करून ती भंगारातून वाचवली. आजही स्वयंसेवक तिची देखभाल करतात. गंज खरवडायचा, रंग द्यायचा, झडपा तेलपाणी करून मोकळ्या ठेवायच्या, जुने सुटे भाग शोधायचे आणि आलेल्या मुलांना शिडीवरून खाली नेऊन सगळं समजावून सांगायचं. पगार नाही. नौदलात काम केलेले आजोबा आणि कधी समुद्र न पाहिलेले तरुण एकत्र राबतात. तिच्याच कंपनीची 'क्लॅमागोर' ही पाणबुडीही अनेक वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. तिच्या दुरुस्तीचा खर्च झेपला नाही आणि २०२२ मध्ये ती तोडावी लागली. गंज सुट्टी घेत नाही, एवढं यावरून कळतं.

आपल्याकडे विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर 'कुरसुरा' ही पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. सहलीला किंवा सुट्टीत तिकडे गेलात तर मुलांना आत नेऊन आणा. पंख कुठे आहेत, बॅटरी कुठे असेल, हे त्यांनाच शोधू द्या.

वर्गात कसं मांडाल?

- प्लास्टिकची बाटली, त्यात पेनाचं टोपण आणि थोडी माती किंवा पीठ घेऊन तरंगणं-बुडणं दाखवा. मग अर्धी भरलेली बाटली पाण्यात आडवी धरून तिरकी करायला सांगा. पाणी एका टोकाला कसं धावतं, ते मुलांना हाताला जाणवेल.
- एक खिळा साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात आणि एक सोड्याच्या पाण्यात आठवडाभर ठेवा. रोज नोंद करायला सांगा.
- प्रश्न विचारा : यशस्वी पाणबुडी का जपली गेली नाही? गाळातली होडी बाहेर काढायची गरज त्या तरुणांना का वाटली असेल?

आणि एक विनंती, तुम्हालाही आणि पालकांनाही. विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळालेलं मॉडेल आपण कपाटात ठेवतो आणि त्याआधीची वाकडी, तुटकी, न चाललेली तीन मॉडेलं कचऱ्यात टाकतो. या वर्षी त्यातलं एक तरी जपून ठेवा. त्यावर मुलाचं नाव आणि तारीख लिहा. पंख मधे असून चालत नाहीत, हे हॉलंड मास्तरांना त्या बुडालेल्या होडीनेच शिकवलं होतं.

तुमच्या शाळेत असं जपलेलं काही असेल तर मुलांना ते जरूर दाखवा.