ताराबाई मोडक आणि आजारी मुलाच्या हातातला रंग

तुमचे मूल आजारातून उठले आहे. ताप गेला, टाके निघाले, रिपोर्टही नॉर्मल आले. तरी ते पूर्वीसारखे बोलत नाही. रात्री दचकून उठते, दवाखान्याच्या दाराशी पोहोचताच तुमचा हात घट्ट धरते, आणि काय झाले असे विचारले की मान फिरवते. अशा वेळी बरेच पालक आम्हाला विचारतात की चित्रकलेचा क्लास लावावा का, आर्ट थेरपी म्हणजे नेमके काय, आणि तिचा खरेच उपयोग होतो का?

याचे उत्तर औषधाच्या चिठ्ठीसारखे दोन ओळींत देता येत नाही. म्हणून आज तुम्हाला एका बाईंच्या आयुष्याची ओळख करून देतो. त्यांनी आर्ट थेरपी हा शब्द वापरला नाही आणि त्या डॉक्टरही नव्हत्या. पण मूल तोंडाने सांगण्याआधी हाताने सांगते, ही गोष्ट महाराष्ट्रात ज्यांनी प्रत्यक्ष कामातून दाखवली, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव फार वरचे आहे. त्यांची कर्मभूमी तुमच्यापासून फार लांब नाही. पेणकरपाड्याजवळच्या मीरा रोड स्टेशनवरून जाणाऱ्या याच पश्चिम रेल्वेमार्गावर विरार, पालघर मागे टाकले की डहाणू रोड आणि घोलवड लागते. घोलवडजवळ समुद्रकाठी बोर्डी आहे आणि त्याच परिसरात कोसबाडची टेकडी. ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.

एकटी आई, लहान मुलगी

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळे मुलीने शिकावे यात कुणाला वावगे वाटले नाही. त्या काळात फार थोड्या मुली कॉलेजात जात. ताराबाई पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी एकट्या बाईने असा निर्णय घेणे किती अवघड असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

पोटासाठी त्यांनी राजकोटला स्त्री-शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद स्वीकारले. पद मानाचे होते, पगार होता. पण मोठ्यांना शिकवता शिकवता त्यांचे लक्ष लहान मुलांकडे वळले. आपल्या मुलीला कसे वाढवावे, हा प्रश्न तर घरातच होता. त्या वेळच्या शाळांत घोकंपट्टी आणि छडी होती. त्याच सुमारास त्यांना भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराविषयी कळले. गिजुभाई मूळचे वकील. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि त्या भावनगरला गेल्या.

एका डॉक्टरची पद्धत, आपल्या मातीत

बालमंदिराची पद्धत मूळची मारिया माँटेसरी यांची. माँटेसरी या इटलीतल्या डॉक्टर. मंदबुद्धी ठरवून वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली मुले त्यांनी पाहिली. या मुलांच्या हातांना आणि इंद्रियांना काम दिले तर ती शिकतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यावरून त्यांनी साधने तयार केली आणि १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले. म्हणजे आज आपण जिला शिक्षणपद्धती म्हणतो, तिची सुरुवात आजारी आणि मागे पडलेल्या मुलांपासून झाली.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. माँटेसरींच्या मूळ मांडणीत कल्पनेच्या खेळाला जागा कमी होती. या दोघांनी तीत गोष्टी, लोकगीते, नाटक, नाच, चित्र आणि मातीकाम आणले. भारतीय मूल गाण्यात आणि गोष्टीत वाढते, त्याला फक्त लाकडी ठोकळे पुरणार नाहीत, अशी त्यांची धारणा होती. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिकेतून ताराबाई पालकांसाठी लिहीत राहिल्या. पुढे त्या मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार उभे राहिले.

ताराबाईंकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट इथेच आहे. मुलाला रंग देताना त्याने काय काढावे हे ठरवू नका. आंब्याचे चित्र आंब्यासारखे दिसले पाहिजे, अशी अट घातली की खेळ संपला आणि परीक्षा सुरू झाली. आजारपणात मुलाच्या हातात काहीच राहत नाही. सुई कधी टोचायची, काय खायचे, केव्हा झोपायचे, सगळे मोठेच ठरवतात. कागदावर निळा फासायचा की लाल, एवढे तरी त्याला ठरवू द्या. कलेमुळे आजारी मुलांना जो आराम मिळतो, त्यात या थोड्याशा ताब्याचा वाटा मोठा असतो.

बोर्डीचे शंख आणि कोसबाडची कुरणे

शहरात जम बसला होता. पण माँटेसरीची साधने महाग होती आणि ती खेड्यात पोहोचत नव्हती. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, जिद्दीने शिकलेल्या शिक्षिका होत्या. दोघींची साथ ताराबाईंच्या शेवटापर्यंत टिकली.

बोर्डीत विकतच्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांनी घेतली. मोजणे, लावणे, रंगवणे, ठसे उमटवणे हे सगळे त्यातूनच होऊ लागले.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. तिथे वेगळीच अडचण आली. मुले शाळेत येईनात. कुणाच्या कडेवर धाकटे भावंड असे, कुणाला गुरे राखायची असत. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असा मार्ग त्यांनी काढला. पाड्यातल्या अंगणात बालवाडी भरू लागली. गुराख्यांसाठी कुरणावर कुरणशाळा सुरू झाली. अंगणातल्या या बालवाडीत शिकण्याइतकेच महत्त्व अंघोळ, स्वच्छता आणि आरोग्य यांना होते. तुमच्या गल्लीतली अंगणवाडी हा शब्द याच कामातून रुजला असे मानले जाते. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या वारली पाड्यांत ताराबाईंनी काम केले, तिथे चित्र ही चैन नव्हती. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जाई. डहाणू भागातलेच वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याविषयी सांगतात की लहानपणी आई गेल्यावर ते कित्येक वर्षे बोलत नव्हते आणि धुळीत रेघोट्या ओढून आपले म्हणणे सांगत. ते ताराबाईंचे विद्यार्थी होते असे नाही. पण ज्या मुलाजवळ शब्द उरले नाहीत, त्याला रेघ उरते, हे समजायला त्यांचे बालपण पुरेसे आहे.

मग आर्ट थेरपी म्हणजे काय?

हा शब्द १९४२ मध्ये इंग्लंडमध्ये आला. एड्रियन हिल हे चित्रकार क्षयाने आजारी होते. सॅनटोरियममध्ये पडून असताना चित्रे काढल्याने त्यांना बरे वाटले आणि त्यांनी इतर रुग्णांनाही त्यात ओढले. त्यांचे पुस्तक १९४५ चे, म्हणजे ताराबाई बोर्डीला गेल्या त्याच वर्षीचे.

आज यात दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. घरी किंवा वॉर्डात मुलाने रंगांशी खेळणे हा आधार आहे. तो कुणीही देऊ शकते. आर्ट थेरपी हे मात्र उपचाराचे काम आहे. ते मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती, ठरावीक हेतूने, अनेक भेटींत करते. चित्रकलेचा क्लास या दोन्हींपेक्षा वेगळा असतो.

उपयोग कुठे दिसतो? दवाखान्याची भीती, तपासणीआधीची घबराट, लांबलेले आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा अपघातानंतरचा धक्का अशा वेळी मुलाची अस्वस्थता कमी व्हायला मदत होते. स्वमग्न किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलांना व्यक्त व्हायला आणखी एक वाट मिळते. पण या विषयावरचे बरेच अभ्यास लहान आहेत, म्हणून अवास्तव दाव्यांवर विश्वास ठेवू नका. चित्र काढून कॅन्सर, फिट्स किंवा दमा बरा होत नाही. औषधे, स्पीच थेरपी किंवा समुपदेशन बंद करून त्याऐवजी कला, असे कधीही करू नका.

घरी काय करता येईल?

• रोज पंधरा-वीस मिनिटे, ठरलेल्या वेळी. टीव्ही आणि मोबाइल बंद.
• रद्दी पेपर, खडू, गेरू, मळलेली कणीक पुरे. महाग किट लागत नाही.
• शेजारी बसा आणि तुमच्या कागदावर तुम्हीही काहीतरी काढा.
• हे काय आहे, असे विचारण्याऐवजी याबद्दल मला सांगतोस का, सांगतेस का, असे विचारा. सांगितले नाही तर सोडून द्या.
• छान किंवा वाईट असा शेरा देऊ नका. मुलाच्या परवानगीशिवाय चित्र पाहुण्यांना किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर दाखवू नका.
• चित्रावरून निदान करू नका. काळा रंग म्हणजे नैराश्य असे नसते. कदाचित तोच खडू हाताशी असेल.

थोडी काळजीही घ्या. तीन वर्षांखालील मुलांना मणी, बिया, लहान शिंपले देऊ नका, ते घशात अडकू शकतात. गुंजा आणि एरंडाच्या बिया विषारी असतात, त्या कोणत्याच मुलाला खेळायला देऊ नका. केमोथेरपी सुरू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर उघड्यावरची माती टाळा, जंतुसंसर्गाचा धोका असतो. अशा मुलाला काय चालेल, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मूल काही आठवडे गप्प किंवा घाबरलेलेच असेल, येत असलेल्या गोष्टी विसरू लागले असेल, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल, खाणे-झोप बिघडली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते गरजेप्रमाणे बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा जगावेसे वाटत नाही असे बोलत असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी घेऊन या. मानसिक आरोग्यासाठी टेली मानस १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. कुणी मुलाला त्रास देत असल्याची शंका आली तर चाइल्डलाइन १०९८ वर फोन करा.

ताराबाई मुलाला शाळेकडे ओढत बसल्या नाहीत, त्या त्याच्या अंगणात गेल्या. आजारातून उठलेल्या तुमच्या मुलाबाबतही तसेच करून पाहा. ते बोलत नसेल तर प्रश्न थोडे बाजूला ठेवा, जमिनीवर पेपर पसरा आणि त्याच्या शेजारी बसा. पहिल्या दिवशी त्याने खडूला हातही लावला नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसा.