मधुमेहाशी झुंजत घडवले संविधान

1938 साली सोलापूर नगरपालिकेने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानपत्र दिले. तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते. पुढच्या दहा वर्षांत मधुमेहाने त्यांना गाठले.

स्वादुपिंडातून पाझरणारे इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत पोहोचवते. प्रौढ वयातल्या मधुमेहात बहुतेकदा सुरुवातीला इन्सुलिन असते, पण स्नायू, यकृत आणि चरबी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करते. काही वर्षे त्यावर निभावते आणि तपासणीत साखर ठीक दिसते. स्वादुपिंड थकले की साखर चढते आणि नसा, डोळे, मूत्रपिंडे पोखरू लागते.

29 ऑगस्ट 1947 रोजी संविधानाच्या मसुदा समितीचे काम बाबासाहेबांकडे आले, त्याच सुमारास पायांच्या नसांतल्या कळांनी त्यांची झोप उडवली होती. लोकमान्य टिळकांना मंडालेच्या तुरुंगात मधुमेहाशी केवळ पथ्यावर झुंजावे लागले. ते 1920 मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी टोरांटोत इन्सुलिन सापडले. बाबासाहेबांना ते औषध मिळाले. 15 एप्रिल 1948 रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्याच पुढे सविता म्हणजे माईसाहेब झाल्या. इंजेक्शन, पथ्य, जेवणाच्या वेळा हे सारे त्या सांभाळत. 26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान स्वीकारले गेले.

पुढे नजर मंदावली, चालताना आधार लागू लागला. तरीही 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. 6 डिसेंबरला दिल्लीत, वयाच्या 65व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले.

आज औषधे पुष्कळ आहेत, पण वेळा पाळणारे माणूस घरात लागतेच. रमजानमध्ये तर जास्तच. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर दिवसा एकदम उतरू शकते आणि इफ्तारच्या खजूर-सरबतानंतर उसळू शकते. म्हणून सहरी-इफ्तारच्या औषधांचे प्रमाण आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा सोडावा. आजाऱ्याला धर्मानेच सूट दिली आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही.