डॉ. पु. का. केळकर : विज्ञान आणि इंजिनिअरिंग एकत्र शिकवणारा माणूस

आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांची मुलं आता अकरावी-बारावीत आहेत. त्यामुळे दर मे-जूनमध्ये आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो. मुलीला फिजिक्स आवडतं, गणितही चांगलं आहे, तर तिला बी.एस्सी.ला घालावं की इंजिनिअरिंगला? मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. बी.एस्सी. करून काय करणार, इथपासून ते इंजिनिअर तर गल्लोगल्ली झालेत, इथपर्यंत. मी इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी ठरवलं की सल्ला देण्याआधी एका माणसाची ओळख करून द्यावी. त्यांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका अख्ख्या संस्थेपुरता सोडवून दाखवला. त्यांचं नाव डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर.

केळकरांचा जन्म १९०९ साली धारवाडला झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली. नंतर ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले आणि तिथे विद्युत तंत्रज्ञानाची पदविका मिळवली. पुढे इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातून १९३७ साली पीएच.डी. केली. म्हणजे आधी शुद्ध विज्ञान आणि मग इंजिनिअरिंग, असा त्यांचा प्रवास. त्या काळात या दोन गोष्टी एका पदवीत मिळत नव्हत्या, म्हणून त्यांना त्या एकामागून एक घ्याव्या लागल्या.

त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. इंग्रजांनी रुडकीला आणि पुण्याला इंजिनिअरिंगचं शिक्षण सुरू केलं ते मुख्यतः रस्ते, कालवे, पूल बांधायला आणि सांभाळायला माणसं हवी होती म्हणून. विज्ञान शिकवलं जायचं ते वेगळ्या कॉलेजांत, वेगळ्या प्राध्यापकांकडून. आपल्या शाळेतही थोडं तसंच होतं. प्रयोगशाळेत विज्ञानाचा तास आणि शेवटच्या तासाला कार्यानुभव. एकात सूत्रं, दुसऱ्यात हातोडी. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं त्या वयात वाटत नसे.

लिव्हरपूलहून परतल्यावर केळकरांनी काही वर्षं बंगळूरला शिकवलं. १९४३ साली ते मुंबईला माटुंग्याच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या ओळखीच्या व्हीजेटीआयमध्ये, विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. तिथे ते सुमारे तेरा वर्षं होते. त्याच काळात दुसरं महायुद्ध संपलं. रडार आणि अणुशक्ती या युद्धातल्या दोन मोठ्या गोष्टींत भौतिकशास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. नुसती ठरलेली तंत्रं शिकलेला इंजिनिअर उद्याच्या यंत्रांना पुरा पडणार नाही, हे जगाला कळू लागलं होतं. अमेरिकेत १९५५ च्या ग्रिंटर समितीच्या अहवालाने इंजिनिअरिंगच्या शिक्षणाचा पाया विज्ञानाचा असावा, अशी स्पष्ट शिफारस केली.

आपल्याकडे नलिनी रंजन सरकार समितीने देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रशिक्षण संस्था काढायला सांगितलं होतं. पहिली खरगपूरला १९५१ साली निघाली. पश्चिमेची संस्था मुंबईला ठरली. तिच्या आखणीसाठी केळकरांना नियोजन अधिकारी म्हणून नेमलं गेलं. युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाची मदत मिळाली, १९५८ साली वरळीला तात्पुरत्या जागेत वर्ग सुरू झाले आणि १९५९ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पवईला पायाभरणी झाली. या संस्थेची घडी बसत होती तोच केळकरांना कानपूरला नव्या आयआयटीचे पहिले संचालक म्हणून पाठवलं गेलं. तिथे सुरुवातीला स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. कानपूरच्याच हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेच्या कँटीनच्या इमारतीतून काम सुरू झालं.

केळकरांचं खरं काम इथून पुढचं आहे. पदवी आखायची म्हणजे काय करायचं, हे सॉफ्टवेअरवाल्यांना चटकन समजेल. आठवड्याचे तास ठरलेले असतात. एक विषय वाढवला की दुसरा कमी करावा लागतो. गणित, भौतिक, रसायन भरपूर शिकवायचं तर शाखेचे विषय आणि वर्कशॉप पुढे ढकलावे लागतात. त्यात कारखानदारांना तयार माणूस लवकर हवा असतो आणि पालकांना मुलगा कोणत्या शाखेचा इंजिनिअर होणार ते पहिल्याच दिवशी कळायला हवं असतं. या सगळ्या ओढाताणीत केळकरांनी पाया धरून ठेवला. बी.टेक. तेव्हा पाच वर्षांचं होतं. त्यातली सुरुवातीची वर्षं सगळ्या शाखांना समान ठेवली गेली. स्थापत्य, यंत्र, विद्युत, रसायन, कोणीही असो, सगळ्यांनी एकत्र बसून मूलभूत विज्ञान, गणित, इंजिनिअरिंगची सामाईक तत्त्वं आणि सोबत भाषा-समाजशास्त्रासारखे मानव्य विषय शिकायचे. स्वतःची शाखा खोलात शिकायची ती त्यानंतर.

दुसरी गोष्ट माझ्या मते त्याहून महत्त्वाची आहे. इंजिनिअरिंग कॉलेजात भौतिक आणि रसायनाचे प्राध्यापक असतात, पण बऱ्याच ठिकाणी ते पहिल्या वर्षापुरते असतात. पहिलं वर्ष संपलं की त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. कानपूरमध्ये विज्ञानाचे विभाग इंजिनिअरिंगच्या विभागांच्या बरोबरीचे ठरवले गेले. त्यांचे स्वतःचे पदव्युत्तर विद्यार्थी, स्वतःचं संशोधन, स्वतःच्या प्रयोगशाळा. त्यासाठी केळकरांनी तरुण माणसं गोळा केली. परदेशात शिकलेल्या अनेकांना त्यांनी बोलावलं आणि कमी वयात मोठी जबाबदारी दिली. पुढे भारतरत्न झालेले रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव १९६३ साली कानपूरला आले, ते याच काळात. एकाच आवारात संशोधक वैज्ञानिक आणि इंजिनिअर रोज भेटू लागले, म्हणून समान अभ्यासक्रम नुसता कागदावर राहिला नाही.

याला बाहेरची मोठी मदतही होती. १९६२ ते १९७२ या दहा वर्षांत एमआयटी, प्रिन्स्टन, बर्कले, पर्ड्यू यांच्यासह अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांनी कानपूरला प्राध्यापक, उपकरणं आणि पुस्तकं दिली. सत्र पद्धत, अक्षरी श्रेणी, शिक्षकाने स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासणं, या तेव्हा आपल्याकडे नवख्या असलेल्या गोष्टी तिथे रुजल्या. कल्याणपूरच्या नव्या आवाराचं वास्तुरचनेचं काम अच्युत कानविंदे यांनी केलं. तेही आपल्याच कोकणातले, आचऱ्याचे.

१९६३ साली त्या आवारात आयबीएम १६२० हा संगणक आला. आज तो आपल्या हातातल्या मोबाईलपुढे काहीच नाही. पण केळकरांच्या संस्थेने तो कुलूपबंद खोलीत काही मोजक्या तज्ज्ञांसाठी ठेवला नाही. फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहायला विद्यार्थ्यांना शिकवलं गेलं, कोणत्याही शाखेच्या. त्याच वर्षी तिथे आलेले व्ही. राजारामन यांनी पुढे संगणकावरची सोपी, परवडणारी पुस्तकं लिहिली. मराठवाड्यात शिकताना माझ्या टेबलावर राजारामन यांचं पुस्तक होतं. सीनिअर मुलींकडून आलेलं, कोपरे दुमडलेलं. ते पुस्तक आमच्यापर्यंत पोचायची सुरुवात कानपूरच्या त्या एका यंत्रापासून झाली होती, हे मला फार उशिरा कळलं.

केळकर १९७० पर्यंत कानपूरला होते. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यानंतर १९७० ते १९७४ ते मुंबई आयआयटीचे संचालक होते, म्हणजे ज्या संस्थेची त्यांनी आखणी केली तिचीच धुरा त्यांनी सांभाळली. १९९० साली त्यांचं निधन झालं. कानपूरच्या आयआयटीचं ग्रंथालय आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

सगळं गोड झालं असं नाही. तिथे शिकलेल्यांपैकी पुष्कळ जण परदेशी गेले आणि तिकडेच राहिले. देशाच्या पैशांतून शिकून देशाला काय मिळालं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. पुढे आयआयटीचं बी.टेक. पाच वर्षांवरून चारवर आलं आणि पायाभूत विषयांचे तास आवळले गेले. ज्या थोड्या संस्थांकडे पैसा आणि माणसं होती त्यांनाच हा रस्ता झेपला.

तरी हे एकत्र शिकवणं का हवं, याचं उत्तर आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून दिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी कोणीही विसरलेलं नाही. आपण आठवीत होतो. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद असलेली घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. उन्हाळ्यात थंड राहणारं तेच घर हादऱ्यात जीवघेणं ठरलं. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी समजूत होती. जमीन हलू शकते का, हा विज्ञानाचा प्रश्न. हलली तर भिंत कशी वागेल, हा इंजिनिअरिंगचा. एका बाजूचं ज्ञान दुसरीकडे पोचलं नाही, तर घर बांधणाऱ्या गवंड्यापर्यंत काहीच पोचत नाही. आज भूकंप अभियांत्रिकीचं राष्ट्रीय माहिती केंद्र आयआयटी कानपूरमध्येच आहे. हा मला योगायोग वाटत नाही.

आता ग्रुपवरच्या प्रश्नाकडे. आज बी.एस्सी. की इंजिनिअरिंग, एवढे दोनच पर्याय नाहीत. पुण्यासह देशात सात ठिकाणी असलेल्या आयसरमध्ये पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम आहे. काही आयआयटींमध्ये इंजिनिअरिंग फिजिक्स आहे. बिट्स पिलानीत विज्ञानाची एम.एस्सी. आणि इंजिनिअरिंगची बी.ई. अशा दोन्ही पदव्या एकत्र करता येतात. पण सगळ्यांना तिथे जागा मिळणार नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणून साध्या कॉलेजात प्रवेश घेतानाही तीन गोष्टी विचारून पाहा. पहिल्या वर्षानंतर विज्ञानाचे किती विषय घेता येतात? विज्ञानाचे प्राध्यापक स्वतः संशोधन करतात का? आणि प्रयोगशाळा दुपारी चारनंतर मुलांसाठी उघडी असते का? ही उत्तरं कॉलेजच्या पाटीपेक्षा जास्त सांगतात.

मुलीला फिजिक्स आवडत असेल तर ते तिचं वजन समजा, ओझं नाही. इंजिनिअरिंगला गेली तरी ते तिथे तिच्या कामी येईल आणि बी.एस्सी.ला गेली तरी पुढे यंत्रांची दारं बंद होत नाहीत. केळकर स्वतः त्याच वाटेने गेले होते. स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या बॅचमधले आम्ही चार-पाच जण, ज्यांची कामं विज्ञानाशी किंवा इंजिनिअरिंगशी आहेत, शाळेच्या प्रयोगशाळेत बसणार आहोत. मुलांना घेऊन या. सर आणि बाई, तुम्हीही या. आम्ही उत्तरं देताना कुठे अडलो, तर पूर्वीसारखंच सांभाळून घ्या.