चौदावा लुई : ज्याच्या दाढेपुढे राजवैद्यांनीही हात टेकले

दाढेचा इलाज झाला, दुखणं थांबलं. महिन्याभराने हिरडीवर पुळी आली. फुटली, पू गेला, बसली. काही दिवसांनी पुन्हा तिथेच! तुमच्यासोबतही असं झालंय का? मग फ्रान्सच्या या राजाची गोष्ट वाचाच.

चौदावा लुई ५ सप्टेंबर १६३८ रोजी जन्मला. म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांपेक्षा आठ वर्षांनी लहान. जन्मतःच त्याच्या तोंडात दोन दात होते, असं सांगतात. चार वर्षांचा असताना तो गादीवर आला आणि तब्बल ७२ वर्षं राजा राहिला. व्हर्सायचा भव्य महाल त्यानेच उभारला. पण दातांनी त्याला कधी सुख दिलं नाही.

वरच्या डाव्या बाजूच्या किडलेल्या दाढा काढताना त्याच्या जबड्याचं हाड तुटलं. वरच्या दाढांची मुळं नाकाशेजारच्या पोकळीला, म्हणजे सायनसला, अगदी लागून असतात. तिथे आरपार भोक पडलं. राजा पाणी प्यायला की ते नाकातून बाहेर यायचं. जखमेत पू झाला, दुर्गंधी सुटली.

१६८५ च्या जानेवारीत वैद्यांनी तापवलेल्या सळईने ती जागा पुन्हा पुन्हा डागली. तेव्हा भूल नव्हती. राजाने ते सहन केलं, अखेर भोक बुजलं. पण गेलेल्या दाढा परत आल्या नाहीत, घास नीट चावणं अवघडच राहिलं. १ सप्टेंबर १७१५ रोजी, पायाला गँगरीन होऊन लुई गेला. पुढे १७२८ मध्ये फ्रान्सच्याच पिएर फोशार यांनी दंतवैद्यकावर ग्रंथ लिहिला. दात किड्यांमुळे सडतात ही जुनी समजूत त्यांनी नाकारली.

मग आपण काय लक्षात ठेवायचं? उपचारानंतर येणारी पुळी म्हणजे बहुतेकदा आत साठलेल्या पूने शोधलेली वाट. पू वाहून जातो, दाब कमी होतो, म्हणून दुखत नाही. पण मूळ कारण आतच असतं : रूट कॅनालमध्ये साफ न झालेली एखादी नळी, तडकलेलं मूळ, गळकी कॅप किंवा हिरडीत राहिलेला तुकडा. नुसत्या गोळ्यांनी पुळी बसेल, कारण जाणार नाही. एक्स-रे काढून पुन्हा रूट कॅनाल, मुळाच्या टोकाची छोटी शस्त्रक्रिया किंवा दात काढणं, यातलं काय लागेल ते डॉक्टर ठरवतात.

पुळी स्वतः फोडू नका. वरची दाढ काढल्यावर पाणी नाकात येत असेल तर लगेच सांगा. चेहरा सुजला, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर थेट रुग्णालय गाठा.

मुळशीतल्या जांब्याच्या माणसालाही आज भूल आणि एक्स-रे मिळू शकतो. व्हर्सायच्या राजाला यातलं काहीच मिळालं नाही. मग दुर्लक्ष कशाला करायचं?