लिओनार्डो दा विंची : अनेक देणग्यांचा पुरुष

प्रभु येशू बारा शिष्यांसह मेजाशीं बसला आहे, असें एक चित्र आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याची छापील प्रत अनेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर टांगलेली आढळते. परंतु मूळ चित्र ज्यानें काढिलें, त्या लिओनार्डो दा विंचीचें चरित्र थोड्यांसच ठाऊक असतें. तो केवळ चित्रकार नव्हता. मूर्ति घडविणारा, यंत्रें योजणारा, नकाशे काढणारा, वाद्य वाजविणारा व मनुष्यदेहाची रचना शोधणारा असा तो एकच पुरुष होता. एका मनुष्यास इतक्या देणग्या लाभल्या असतां त्यांचें काय झालें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

इटली देशाच्या तस्कनी प्रांतांत, फ्लॉरेन्स शहरापासून जवळच, विंची नांवाचें गांव आहे. तेथें इ. स. १४५२ च्या एप्रिल महिन्याच्या १५ व्या तारखेस लिओनार्डोचा जन्म झाला. त्याचा बाप पिएरो हा दस्तऐवज लिहिणारा नोटरी असून आई कातेरीना ही हलक्या स्थितींतील स्त्री होती. त्या उभयतांचा विवाह झालेला नव्हता, आणि अशा मुलास बापाचा धंदा करण्याची मोकळीक नसे. त्या काळीं विद्वानांची भाषा लॅटिन. तीही त्यास बाळपणीं नीट शिकावयास मिळाली नाहीं. मोठेपणीं तो स्वतःच्या श्रमानें ती शिकूं लागला. पंडित लोक आपणांस अडाणी लेखतात, हें तो जाणून होता. परंतु दुसऱ्यांच्या ग्रंथांतील वचनें घोकण्यापेक्षां सृष्टीकडे आपल्या डोळ्यांनीं पाहून शिकावें, असें त्याचें मत होतें.

मुलाचा हात चित्रें काढण्यांत चांगला चालतो असें दिसून आल्यावर त्यास फ्लॉरेन्स येथें वेरोक्किओ नांवाच्या कारागिराच्या हाताखालीं ठेवण्यांत आलें. इ. स. १४७२ सालीं चित्रकारांच्या संघांत त्याचें नांव दाखल झालें. वेरोक्किओनें ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचें एक चित्र काढिलें. त्यांतील एक देवदूत लिओनार्डोनें रंगविला. तो पाहून गुरूनें पुन्हां रंगास हात लाविला नाहीं, अशी कथा सांगतात. कथा कशीही असो, शिष्याचा देवदूत गुरूच्या कामाहून सरस आहे, हें तें चित्र पाहणारास आजही दिसतें.

इ. स. १४८२ च्या सुमारास तो मिलान शहरीं गेला. तेथील अधिपति लुडोविको स्फोर्झा यास त्यानें एक पत्र लिहून आपले गुण कळविले. उचलून नेण्याजोगे हलके पूल, खंदक कोरडे करण्याच्या युक्त्या, नव्या तऱ्हेच्या तोफा, इमारती व पाण्याचे कालवे यांचा उल्लेख करून चित्रकलेचा उल्लेख त्यानें अगदीं शेवटीं केला. लुडोविकोनें त्यास आपल्या पित्याच्या स्मरणार्थ कांशाचा प्रचंड घोडा घडविण्याचें काम सांगितलें. इ. स. १४९३ सालीं मातीचा घोडा तयार झाला. तो वीस फुटांहून उंच होता. परंतु पुढच्याच वर्षीं लढाईचें संकट आलें व जमविलेलें कांसें तोफांकरितां गेलें. इ. स. १४९९ सालीं फ्रेंच सैन्य मिलानमध्यें शिरलें, तेव्हां तिरंदाजांनीं त्या मातीच्या घोड्यावर नेम धरून त्याचा नाश केला.

ह्याच काळांत, म्हणजे इ. स. १४९५ ते १४९८ च्या दरम्यान, सांता मारिया देल्ले ग्रात्सिए ह्या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर त्यानें प्रभूच्या शेवटल्या भोजनाचें चित्र काढिलें. तें सुमारें २९ फूट लांब व १५ फूट उंच आहे. तुम्हांपैकीं एकजण मला धरून देईल, हें प्रभूचें बोलणें ऐकतांच शिष्यांच्या मनांत जी खळबळ उडाली, ती ह्या चित्रांत प्रगट झाली आहे. कोणी उठून उभा राहिला आहे, कोणी छातीवर हात ठेवीत आहे, आणि यहूदा मात्र पैशाची थैली मुठींत धरून मागें सरला आहे. मध्यें प्रभु शांत बसला आहे.

भिंतीवर चित्र काढावयाचें तर गिलावा ओला आहे तोंच रंग भरावे लागतात, म्हणजे ते गिलाव्यांत मुरून टिकतात. त्यास घाई करावी लागते, आणि लिओनार्डोस घाई मानवत नसे. म्हणून त्यानें कोरड्या गिलाव्यावर रंग दिला. परिणाम असा झाला कीं, त्याच्या हयातींतच रंगाचे पोपडे सुटूं लागले. इ. स. १६५२ सालीं मठवासीयांनीं भिंतींतून दार पाडिलें, तेव्हां प्रभूचे पाय कापले गेले. इ. स. १९४३ सालीं त्या भोजनगृहावर बाँब पडून छप्पर कोसळलें. परंतु वाळूच्या पोत्यांच्या आधारानें ही भिंत वांचली. वीस वर्षांहून अधिक काळ दुरुस्ती चालून ती इ. स. १९९९ सालीं पुरी झाली.

लिओनार्डोचा खरा ठेवा त्याच्या वह्यांत आहे. त्यांचीं सुमारें ७००० पानें आज उपलब्ध आहेत. तो डाव्या हातानें, उजवीकडून डावीकडे, उलटीं अक्षरें लिही. आरशांत धरल्यावांचून तें लिखाण सहज वाचतां येत नाहीं. पांखरें कशीं उडतात, पाणी दगडास वळसा कसा घालतें, डोंगरावर शिंपले कोठून आले, हें सर्व त्यानें पाहिलें व लिहून ठेविलें. मनुष्यास उडतां यावें म्हणून त्यानें पंखांच्या आकृति काढिल्या. परंतु मनुष्याच्या बाहूंत तेवढें बळ नसल्यामुळें त्या कागदावरच राहिल्या. सुमारें ३० प्रेतें चिरून त्यानें देहाची रचना तपासली. फ्लॉरेन्सच्या इस्पितळांत एक अतिवृद्ध मनुष्य शांतपणें मेला. त्याचा देह तपासतां रक्तवाहिन्या जाड व अरुंद झाल्याचें त्यानें नमूद केलें. हृदयाच्या झडपांजवळ रक्त भोंवऱ्यासारखें फिरतें व त्यानें झडपा मिटण्यास साहाय्य होतें, असें त्यानें लिहिलें. विसाव्या शतकांतील संशोधनानें तें खरें ठरविलें.

परंतु येथेंच ह्या चरित्रांतील दुःखाची गोष्ट आहे. छपाईची कला त्या वेळीं सर्वत्र पसरली होती, तरी देहरचनेवरील आपला ग्रंथ त्यानें पुरा करून छापिला नाहीं. इ. स. १५४३ सालीं वेसालियस नामक वैद्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि वैद्यांस नवी दृष्टि आली, ती त्याच्यामुळें. लिओनार्डोनें जें कित्येक वर्षें आधीं पाहिलें होतें, तें इतरांस पहिल्यापासून शोधावें लागलें. दिवा लागला होता, पण तो मापाखालीं राहिला.

इ. स. १५१६ सालीं फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्या आमंत्रणावरून तो त्या देशीं गेला. आंब्वाझ येथें इ. स. १५१९ च्या मे महिन्याच्या २ ऱ्या तारखेस, वयाच्या ६७ व्या वर्षीं, तो मरण पावला. त्याच्या वह्या मेल्झी नामक शिष्यानें जपल्या. त्याच्या मागें त्या निरनिराळ्या देशांत पांगल्या.

वाचकहो, लिओनार्डोची बुद्धि आपणांस नाहीं, आणि ती मागून मिळणारी नव्हे. परंतु खेड्यांत जन्मलेला, शाळेस पारखा झालेला मुलगा ओढ्याचें पाणी व झाडावरचें पांखरूं पाहून किती शिकूं शकतो, हें त्यानें दाखविलें. आपल्या खेड्यांतही ओढा व पांखरें आहेतच. आणि दुसरा धडा त्याच्या उणेपणाचा आहे : शिकलेलें दुसऱ्यास दिलें नाहीं, तर तें वहींतच राहतें. ज्यास चार अक्षरें येतात त्यानें शेजाऱ्याच्या मुलास तीं शिकवावींत. तेवढ्या कामास मोठी बुद्धि लागत नाहीं.