वकील अब्राहम लिंकन

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्प्रिंगफील्ड शहरी एक विटांची तीन मजली जुनी इमारत संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे. १८४३ नंतर काही वर्षे तिच्या वरच्या मजल्यावर अब्राहम लिंकन यांची वकिलीची कचेरी होती. गुलामांचे मुक्तिदाते म्हणून आम्ही लिंकन यांचे नाव घेतो. परंतु अध्यक्ष होण्यापूर्वी सुमारे २४ वर्षे ते वकील होते, याचे स्मरण आम्हांस क्वचितच होते.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत ओंडक्यांच्या झोपडीत त्यांचा जन्म झाला. शाळेतील सारे दिवस एकत्र मोजले तरी वर्ष भरत नाही. कुऱ्हाड चालवून, दुकान सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी उसने ग्रंथ वाचले आणि १८३६ साली वकिलीची सनद मिळविली. १८४४ पासून विल्यम हर्न्डन हे त्यांचे भागीदार झाले. महत्त्वाचे कागद लिंकन आपल्या उंच टोपीतच ठेवीत! वर्षातून दोनदा ते न्यायाधीशांबरोबर गावोगावच्या न्यायालयांत फिरत.

१८५८ साली हॅना आर्मस्ट्राँग या विधवेच्या मुलावर खुनाचा खटला उभा राहिला. गरिबीच्या दिवसांत याच घराने लिंकन यांना आसरा दिला होता. रात्री अकराच्या सुमारास चांदण्यात आपण प्रहार पाहिला, असे साक्षीदाराने शपथेवर सांगितले. लिंकन यांनी शांतपणे गतवर्षीचे पंचांग न्यायालयापुढे ठेविले. त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता! मुलगा निर्दोष सुटला. लिंकन यांनी फी घेतली नाही.

१८६१ साली अध्यक्षपदासाठी निघताना, आपण परत येऊ, कचेरीची पाटी तशीच राहू द्यावी, असे त्यांनी हर्न्डन यांना सांगितले. पुढे यादवी युद्ध पेटले. १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. १४ एप्रिल १८६५ रोजी मारेकऱ्याने त्यांच्यावर गोळी झाडली व दुसऱ्या दिवशी त्यांचे प्राण गेले. स्प्रिंगफील्डला परतले ते त्यांचे शव.

विद्यार्थिमित्रहो, शाळा दुर्लभ असता ज्याने ग्रंथांना गुरू केले, आणि एका विधवेच्या मुलासाठी पंचांगाचे पान धुंडाळण्याचा कंटाळा केला नाही, त्याच्याच हातून पुढे लक्षावधींच्या बेड्या तुटू लागल्या. लहान काम मनापासून करणे हीच थोर कार्याची तयारी होय, असे आम्हांस वाटते.