घरातला समुद्र

(फिलिप हेन्री गॉस : १८१० ते १८८८)

खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे ठेवलेली काचेची मोठी टाकी तुम्ही पाहिली असेल. अशा टाकीच्या खाली, कपाटात, बहुधा आणखी एक टाकी लपलेली असते. तिला सम्प म्हणतात. वरच्या टाकीतले पाणी नळीने खाली येते, तेथे गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. ही व्यवस्था चांगली आहे. पण ती महाग पडते आणि विजेचा खर्चही वाढतो. मग साध्या घरातल्या मुलांनी समुद्रातले जीव पाळूच नयेत की काय? या प्रश्नाचे उत्तर सुमारे १७० वर्षांपूर्वी एका इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने शोधले होते. त्या काळी घरात वीजसुद्धा नव्हती. त्या शास्त्रज्ञाचे नाव फिलिप हेन्री गॉस.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर या गावी झाला. त्यांचे वडील गावोगाव फिरून लोकांची लहान लहान चित्रे काढत. त्यातून मिळणारे पैसे जेमतेमच असत. पुढे हे कुटुंब पूल नावाच्या बंदरात राहू लागले. फिलिपला तेथे समुद्राचा नाद लागला. त्याची एक आत्या होती. तिला प्राण्यांची आणि किड्यांची चांगली माहिती होती. खडकाला चिकटून राहणारी, फुलासारखी दिसणारी समुद्रपुष्पे फिलिपला फार आवडत. समुद्रपुष्प हे नाव फुलाचे असले तरी तो एक प्राणी आहे. हे प्राणी समुद्राचे पाणी भरलेल्या भांड्यात ठेवून पाहावेत, असे या आत्याने त्याला सुचवले. ही गोष्ट तो आयुष्यभर विसरला नाही.

घरच्या गरिबीमुळे फिलिपला शाळा लवकर सोडावी लागली. पंधराव्या वर्षी तो एका व्यापाऱ्याच्या कचेरीत कारकून झाला. १८२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो जहाजाने अटलांटिक महासागर ओलांडून न्यूफाउंडलंडला गेला. तेथेही कारकुनीच करायची होती; पण उरलेल्या वेळात तो किडे गोळा करी, त्यांची चित्रे काढी आणि टिपणे लिही. पुढे त्याने कॅनडात शेती केली. ती साधली नाही. मग अमेरिकेतील अलाबामा येथे त्याने मुलांना शिकवले. १८३९ मध्ये तो इंग्लंडला परत आला, तेव्हा त्याच्याजवळ पैसे नव्हते. निरीक्षणांनी भरलेल्या वह्या मात्र होत्या. त्या आधारावर त्याने पुस्तके लिहिली आणि हळूहळू लेखक म्हणून त्याचे नाव झाले. १८४८ मध्ये एमिली बोव्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढल्या वर्षी त्यांना एडमंड नावाचा मुलगा झाला.

रात्रंदिवस सूक्ष्मदर्शकावर काम करून गॉस आजारी पडले. हवापालट करण्यासाठी १८५२ मध्ये ते पत्नी व मुलासह डेव्हनच्या समुद्रकिनारी गेले. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत किती तरी जीव दिसत. ते घरी आणून पाहिले तर नीट अभ्यास होईल, असे त्यांना वाटले. पण समुद्राचे पाणी भांड्यात भरून ठेवले की ते दोन-चार दिवसांत नासे आणि प्राणी मरत. श्रीमंत माणूस नोकरांकडून रोज ताजे पाणी आणवू शकला असता. गॉस यांना ते परवडणारे नव्हते.

या प्रश्नावर त्या काळी इतरांनीही काम केले होते. जीन पॉवर या फ्रेंच विदुषीने सिसिली बेटावर १८३२ च्या सुमारास काचेच्या पेटीत समुद्रातले जीव ठेवले होते. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोड्या पाण्यात मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाणी शुद्ध राखले होते. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात आणि प्राण्यांना तो मिळतो, हे त्यामागचे तत्त्व होते. गॉस यांनी हेच तत्त्व खाऱ्या पाण्यात काळजीपूर्वक तपासले.

त्यांनी हिरवे आणि तांबडे समुद्रशेवाळ निवडले. शेवाळ ओरबाडून काढले की ते सडते, म्हणून ते छिन्नी-हातोड्याने खडकाच्या लहान तुकड्यासह काढत. काचेवर साचणारे शेवाळ खाण्यासाठी शंखातल्या लहान गोगलगायी ठेवत. पाण्यात हवा मिसळावी म्हणून थोडे पाणी काढून वरून पुन्हा ओतत. टाकीत उजेड येऊ देत, पण कडक ऊन लागू देत नसत. मेलेला प्राणी ताबडतोब बाहेर काढत. पाणी आटले तर त्यात गोडे पाणीच घालावे, खारे नाही, हेही त्यांनी सांगितले. कारण वाफ होऊन फक्त पाणी उडून जाते, मीठ टाकीतच राहते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टाकीत प्राण्यांची गर्दी करू नये. प्राणी थोडे असले तरच पाणी टिकते.

मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. सामान्य लोकांना पाहता येईल असे ते जगातले पहिले मत्स्यालय होते. त्यासाठी गॉस यांनी समुद्रकिनाऱ्यावरून अनेक जीव गोळा करून पाठवले. १८५४ मध्ये त्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. त्यातील चित्रे त्यांनी स्वतः काढली होती. ॲक्वेरियम हा शब्द या पुस्तकामुळेच सगळीकडे रूढ झाला.

पण समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी काय करावे? त्यासाठी गॉस यांनी १८५४ मध्ये खारे पाणी घरीच तयार केले. सुमारे १०० ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड त्यांनी साडेचार लिटरांहून थोड्या कमी पाण्यात मिसळले. हे पाणी गाळून त्यात आधी शेवाळ ठेवले आणि काही दिवसांनी प्राणी सोडले. ते जगले. आता समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या घरातही समुद्र येऊ शकत होता. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झाल्यामुळे काचही स्वस्त झाली होती. बघता बघता घरोघरी अशा टाक्या दिसू लागल्या.

येथे या कथेची दुःखाची बाजू सुरू होते. गॉस यांची पुस्तके वाचून लोक झुंडीने किनाऱ्यावर येऊ लागले. त्यांनी जीव गोळा करण्याची हौस घेतली. पण टाकीत गर्दी करू नये ही शिकवण घेतली नाही. प्राणी टोपल्या भरभरून नेले गेले. त्यांतले पुष्कळ मेले आणि त्यांच्या जागी नवे आणले गेले. हजारो वर्षे सुंदर राहिलेली डबकी थोड्याच वर्षांत ओसाड झाली. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ही हकीकत लिहिली आहे. आपल्याच पुस्तकांमुळे हे घडले, याचे वडिलांना फार वाईट वाटे, असे त्यातून कळते.

१८५६ मध्ये गॉस यांना रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले. पण १८५७ च्या आरंभी एमिली कर्करोगाने वारल्या. त्याच वर्षी लहान मुलाला घेऊन गॉस कायमचे डेव्हनला राहायला गेले. तेथे त्यांनी ब्रिटनच्या समुद्रपुष्पांवर मोठा ग्रंथ पूर्ण केला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी त्यांचे निधन झाले.

गॉस यांना एक गोष्ट माहीत नव्हती. प्राण्यांच्या विष्ठेतून अमोनिया नावाचे विष तयार होते. दगड आणि वाळू यांवर राहणारे सूक्ष्म जिवाणू त्याचे रूपांतर कमी घातक पदार्थांत करतात. म्हणूनच आजही सम्प नसलेली लहान टाकी चालू शकते. त्यासाठी सच्छिद्र दगड, पाणी हलते ठेवणारा एक लहान पंप, मोजके मासे आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलण्याची शिस्त हवी. नव्या टाकीत जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात, तोपर्यंत मासे आणू नयेत. नवी मुंबईच्या शेजारी खाडी आहे. पण तिचे पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणा फार कमी होतो. म्हणून येथेही गॉस यांच्याप्रमाणे क्षार मोजून मिसळूनच पाणी तयार करावे लागते.

आपल्या देशात २००१ पासून प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे किंवा विकणे गुन्हा आहे. बाकीच्या पुष्कळ जिवांना मात्र आपल्या समजुतीचाच आधार असतो. गॉस यांच्या जीवनातून आपण मेहनत, चिकाटी आणि काटकसर शिकतो. टाकीत थोडेच जीव ठेवले तर पैसा वाचतो, पाणी टिकते आणि किनाराही भरलेला राहतो. उरण किंवा मुंबईच्या खडकांत ओहोटीच्या वेळी एखादा जीव दिसला, तर तो पाहा, त्याचे चित्र काढा, टिपण लिहा आणि त्याला तेथेच राहू द्या.